बदललेली दांडी



मागचा चातुर्मास माझा मुलाकडे, कॅलिफोर्नियात गेला. तिथे उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ आठ वाजेपर्यंत मावळत नाही, त्यामुळे रात्रीभोजन-त्याग किती सोपा होतो यावर मी एक वेगळा लेख लिहिणार आहे. आज लिहायचंय ते एका गिटारीबद्दल. हसू नका. त्या गिटारीच्या विक्रीवरून आमच्या घरात तीन आठवडे वाद चालला, आणि माझं मत अजून तेच आहे.

आधी परिस्थिती सांगते. मी पोचले आणि महिन्याभरात मुलाची नोकरी गेली. तिकडे ती एका ईमेलने जाते. घराचा हप्ता महिन्याला साडेतीन हजार डॉलरच्या वर, सूनबाईंचा पगार आहे म्हणून चूल पेटती. मुलाने घरातली विकण्यासारखी काय काय आहेत याची यादी केली, आणि त्यात सगळ्यात वर आली त्याची बेस गिटार.

बेस गिटार म्हणजे काय हे मलाही तिथेच नीट कळलं. चार जाड तारा असतात, आवाज खर्जातला. तबल्यात डग्ग्याचं जे काम तेच बँडमध्ये हिचं. ऐकू कमी येते, पण थांबली की गाणं पोकळ वाटतं. मुलाची गिटार फेंडर कंपनीची, १९६६ सालची, प्रिसिजन बेस या जातीची. निदान असं सांगून ती २०१३ साली त्याला चार हजार डॉलरला विकली गेली होती.

यातली गंमत अशी की मुलाचं घर ब्युएना पार्कच्या जैन सेंटरपासून फार लांब नाही, आणि ब्युएना पार्कला लागूनच फुलर्टन गाव आहे. लिओ फेंडर याच फुलर्टनचे. संत्र्यांच्या बागा असलेल्या कुटुंबातला मुलगा, १९०९ चा जन्म. कॉलेजात हिशेबशास्त्र शिकले, हिशेबनिसाच्या नोकऱ्या केल्या आणि १९३८ मध्ये रेडिओदुरुस्तीचं दुकान टाकलं. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! कॉमर्सवाला माणूस म्हणून मला लगेच आपलेपणा वाटला. १९५१ मध्ये त्यांनी ही बेस गिटार बाजारात आणली. त्याआधी खर्जासाठी माणसाएवढं मोठं उभं वाद्य ओढत न्यावं लागे, आणि त्यावर पडदे नसल्यामुळे सूर अंदाजाने शोधावा लागे. फेंडरच्या बेसवर पडदे होते, बोट टेकवलं की सूर नेमका. म्हणून नाव प्रिसिजन. १९६५ च्या जानेवारीत त्यांनी कंपनी सीबीएस या मोठ्या कंपनीला एक कोटी तीस लाख डॉलरला विकली. आपली गिटार त्यानंतरची, म्हणून तशी कमी मोलाची. शौकीन लोक विक्रीच्या आधीच्या मालाला जास्त भाव देतात.

आता खरी गोष्ट. घेतल्यानंतर दोन वर्षांनी मुलाने ती एका कारागिराकडे पडदे घासायला नेली. त्याने मागचे चार स्क्रू काढून दांडी धडापासून वेगळी केली आणि विचारलं, ही तू कितीला घेतलीस? त्या काळच्या फेंडरच्या दांडीच्या टोकावर, म्हणजे धडाच्या खाचेत लपणाऱ्या भागावर, तारखेचा शिक्का असतो. इथे कोरं लाकूड. दांडी बरीच नंतरची, दुसऱ्याच कुणी बनवलेली. वर डोक्यावर मात्र फेंडरचं नाव झळकत होतं, कारण कुणीतरी स्टिकर चिकटवून वरून वार्निश मारलं होतं. विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झालेला. मुलाने कुणाला काही सांगितलं नाही. मलाही नाही. दहा वर्षं तो ती वाजवत राहिला.

त्या गिटारीत खरं काय होतं? धड अस्सल. खुंट्या अस्सल, गंज चढलेल्या पण अस्सल. पिकअप, म्हणजे तारेचं कंपन उचलणारी चुंबकांची जोडी, दोन तुकड्यांची असते. त्यातला एक तुकडा जसाच्या तसा, दुसऱ्याची तार जळाल्यामुळे पुन्हा गुंडाळलेली. आवाज कमीजास्त करायची जी बटणं असतात, त्यांच्या पोटात एक छोटा भाग असतो आणि त्यावर आकडे असतात. मुलाने भिंग देऊन मला वाचायला लावले: १३७६६१५. पहिले तीन आकडे बनवणाऱ्या कंपनीचे, पुढचे दोन सालाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे १९६६ सालचा पंधरावा आठवडा. बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख! पण त्यावरूनही गिटार १९६६ चीच असं ठरत नाही, कारण फेंडरने त्या वर्षी हे भाग इतके भरमसाट घेऊन ठेवले की पुढची दोन-तीन वर्षं तेच वापरले जात होते. तो भाग त्याहून जुन्या गिटारीत नसणार, एवढंच त्यातून कळतं. पाठीमागच्या पत्र्यावरचा क्रमांकही खरा, पण पत्रा चार स्क्रूंचा, तो कुणीही काढून दुसरीकडे लावू शकतं. घोडी बदललेली. पुढची कासवाच्या पाठीसारखी दिसणारी प्लॅस्टिकची पाटी नवी.

मुलाने इंटरनेटवर भाव पाहिले. सगळे भाग अस्सल असतील तर दुकानदार साडेसहा हजार सांगत होते. त्याची आहे तशी गिटार, सगळं खरं सांगून, तीन हजारांच्या आतच जाणार. आणि गप्प राहून, “१९६६ प्रिसिजन बेस, फोटो पाहा” एवढंच लिहिलं तर? पाच हजार सहज. मधला फरक म्हणजे जवळजवळ दोन हजार डॉलर. नोकरी गेलेल्या घरात.

सूनबाई हिशेबाला पक्की आहे आणि मनाने वाईट अजिबात नाही. ती म्हणाली, “आई, आपण खोटं कुठे बोलतोय? कुणी विचारलं तर सांगू. आणि यालाही कुणीतरी असंच विकलं होतं ना. तेव्हा कोण आलं होतं सांगायला?” जैन सेंटरमध्ये एका ओळखीच्या बाईंनाही मी विषय काढून पाहिला. त्यांचं म्हणणंही तेच: विचारलं तर लपवायचं नाही, न विचारता सांगत सुटायचं नाही. व्यापार असाच चालतो.

हे म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, कारण मी कॉलेजात हेच शिकले आहे. सांगलीला बी.कॉम.ला आम्हाला करार कायदा होता, १८७२ चा. त्याच्या सतराव्या कलमात फसवणूक म्हणजे काय ते आहे, आणि तिथे घोड्याची उदाहरणं आहेत. परीक्षेला हमखास यायची. अ लिलावात ब ला घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे अ ला माहीत आहे, पण तो काही बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. घ्या! आमच्या सरांनी हे सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग गप्प झाला होता. पण पुढचं उदाहरण ऐका. ब ही अ ची मुलगी असेल, नुकतीच सज्ञान झालेली, तर मात्र अ ने सांगायलाच हवं. नातंच असं आहे की गप्प बसता येत नाही. आणि तिसरं उदाहरण: ब म्हणाला, तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा निरोगी आहे असं समजेन, आणि अ गप्प राहिला. तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच.

चाळीस वर्षांनी मला ते घोडे एका गिटारीत सापडले. मी मुलाला म्हटलं, तुझं सगळं बाजूला ठेव, फक्त डोक्यावरचं स्टिकर बघ. तू गप्प बसलास तरी ते बोलतंय. घेणारा ते वाचणार आणि समजणार की दांडी फेंडरची. तुझा घोडा तिसऱ्या उदाहरणातला आहे.

हे कायद्याचं झालं. आपल्याकडे त्याहून पुढचं आहे. दशलक्षण पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय होतो, सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा आणि त्यांच्या अतिचारांचा. अचौर्यव्रताचे पाच अतिचार आपल्यातल्या कितीजणींना पाठ असतील. चोरीला उत्तेजन देणं, चोरीचा माल घेणं, राज्याचा नियम मोडून व्यवहार, वजनमापात कमीजास्त, आणि पाचवा प्रतिरूपक व्यवहार. चांगल्या वस्तूत तिच्यासारखीच दिसणारी हलकी वस्तू मिसळून चांगलीच्या भावाने देणं. पंडितजी नेहमी तुपात डालडा आणि दुधात पाणी अशी उदाहरणं देतात, आणि आपण माना डोलावतो, कारण तूप-दूध आपण विकत घेतो, विकत नाही. त्या दिवशी मला वाटलं, हा अतिचार असत्याच्या खाली न ठेवता चोरीच्या खाली का ठेवलाय? कारण यात एक अक्षरही खोटं बोलावं लागत नाही. तोंड बंद ठेवून दुसऱ्याचे दोन हजार डॉलर आपल्या खिशात येतात.

आमच्या सासऱ्यांची हळदीची अडत होती. हरिपूरच्या पेवांतली जुनी हळद आणि यंदाची हळद एका पोत्यात भरायची नाही, हा त्यांचा दंडक. जुनी वाईट असते म्हणून नव्हे. जुनीला गिऱ्हाईक वेगळं, तिचा भाव वेगळा. मी नवी सून म्हणून आले तेव्हा मला ते नुसतं आडमुठेपण वाटलं होतं.

पण मी फार शहाणी असल्यासारखं लिहितेय, म्हणून हेही सांगते. आठ-नऊ वर्षांपूर्वी आम्ही जुना तांब्याचा बंब काढला. बुडाला डाग दिलेला होता, बाहेरून काजळीत दिसत नव्हता. आमच्या दूधवाल्या मावशींच्या सुनेने बघितला, ठोकून पाहिला, नऊशे रुपये दिले आणि घेऊन गेली. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुढे एकदा त्यांच्या दारावरून जाताना पाहिलं, तर त्या बंबात झेंडू लावलेला. गळत असणार. ती कधी एक शब्द बोलली नाही, दूध तसंच येत राहिलं. कॅलिफोर्नियात स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून मुलाला शहाणपण शिकवताना मला तो झेंडू डोळ्यांसमोर दिसत होता. मी ते त्याला आणि सूनबाईला सांगून टाकलं. सूनबाई म्हणाली, “मग आई, तुम्ही नऊशे परत दिले का?” नव्हते दिले. गप्प बसले.

आता दुसरी बाजू, कारण सूनबाईचा एक मुद्दा मला पटला होता. ती म्हणाली, दांडी बदललेली, घोडी बदललेली असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं वस्तू भंगार आहे. हे मात्र चूक आहे, आणि इथे शौकीन मंडळींशीच माझं भांडण आहे. नुसता मूळ रंग काढून नवा दिला तरी म्हणे किंमत जवळजवळ निम्मी होते! वाद्य वाजवायला असतं की संदुकीत ठेवायला? फेंडरनी दांडी चार स्क्रूंनी बसवली ती कशासाठी? ते दुरुस्ती करणारे गृहस्थ होते. झिजलेली दांडी काढून दुसरी लावता यावी हाच तर त्यांचा विचार. मग दांडी बदलली यात त्या गिटारीचा काय अपमान झाला?

आपण सांगली-मिरजेच्या बायका, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मिरजेच्या सतारमेकर मंडळींकडे जाऊन बघा. प्रवासात तंबोऱ्याचा भोपळा फुटतो. पंढरपूर भागातून आलेला नवा भोपळा जुन्या दांडीला चढतो, जवारी पुन्हा लावली जाते, आणि गाणारी बाई तोच तंबोरा घेऊन मैफलीला बसते. गुरूंनी दिलेला तंबोरा म्हणूनच त्याला नमस्कार करते. तिला कुणी खोटारडी म्हणत नाही, कारण कोणता भोपळा कधी बदलला हे तिच्या सगळ्या शिष्यांना माहीत असतं.

आणि आपली मंदिरं? कितीतरी बस्त्यांमध्ये गाभारा जुना, मंडप मधल्या काळातला आणि फरशी परवाची. आपण ते लपवतो का? उलट दारातच जीर्णोद्धाराची पाटी लावतो. कोणत्या वीर संवतात, कुणाच्या द्रव्याने, काय काय नवं केलं. ती पाटी वाचून कुणी दर्शन न घेता परत गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मी मुलाला म्हटलं, जाहिरात लिहू नकोस, पाटी लिही.

मग आम्ही दोघं बसलो. त्याने दांडी पुन्हा उघडली, कोऱ्या टोकाचा फोटो काढला. बटणांच्या आतल्या आकड्यांचा फोटो, पिकअपच्या खालच्या बाजूचा फोटो. मी वहीत दोन रकाने पाडले, डावीकडे मूळचं आणि उजवीकडे नंतरचं, आणि तो सांगेल तसं लिहीत गेले. जिथे त्याची खात्री नव्हती तिथे “खात्री नाही” असंच लिहिलं. धडावरचा रंग मूळचाच आहे का, हे त्या कारागिरालाही छातीठोक सांगता आलं नव्हतं, तेही लिहिलं. सूनबाईने शेवटी सगळं इंग्रजीत नीटनेटकं करून दिलं. तोंड वाकडं करून दिलं, पण दिलं.

स्टिकरवरून मात्र पुन्हा अडलं. मुलाचं म्हणणं, मजकुरात “नाव नंतर चिकटवलेलं” असं लिहिलंय ना, मग ते राहू दे, दिसायला बरं. मी म्हटलं, हा तुझा कागद आज गिऱ्हाईक वाचेल. तो उद्या तिसऱ्याला विकेल तेव्हा कागद बरोबर जाईल कशावरून? स्टिकर जाईल. तुला ज्याने फसवलं त्याला तरी काय माहीत, कदाचित तोही कुणाकडून असाच फसला असेल. दोन दिवस तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये खरखर ऐकू आली. बारीक पॉलिशपेपरने त्याने ते नाव घासून काढलं होतं. तिथे एक फिकट डाग राहिला. वाईट दिसत होतं, खरंच सांगते. मलाही क्षणभर वाटलं, कशाला बाई आपण यात पडलो.

अठ्ठावीसशे सांगितले होते. बारा दिवस कुणी फिरकलं नाही. त्या बारा दिवसांत घरात जेवणाच्या टेबलावर या विषयाचा शब्द निघाला नाही, आणि तुम्हाला माहीतच आहे असं न बोलणं किती मोठ्याने ऐकू येतं. मग एक साठीचे गृहस्थ आले. चर्चमध्ये दर रविवारी बेस वाजवतात. त्यांनी दोन पानांचा कागद टेबलावर पसरला आणि एकेक ओळ वाचून गिटारीत ती जागा शोधली, जसे आपण बँकेचं पासबुक टिकमार्क करतो तसे. मग तासभर वाजवली. भिंती थरथरल्या. शेवटी सव्वीसशे पन्नास दिले आणि मुलाला त्या कागदावर सही करायला लावली. म्हणाले, माझ्यानंतर माझी मुलगी ही विकेल, तिला हा कागद लागेल. कागद घडी करून त्यांनी गिटारीच्या पेटीच्या कप्प्यात ठेवला.

सूनबाईचं मत बदललेलं नाही, हेही लिहिते. ती म्हणते घरचा अर्ध्याहून जास्त हप्ता आपण हाताने सोडून दिला. हिशेबाने तिचं बरोबर आहे.

एक गोष्ट राहिली. दांडीच्या वरच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, खाचा पाडलेली एक बारीक पट्टी असते. तारा तिच्यावरून जातात. आपल्या तंबोऱ्यात तारगहन असतं तसं काहीसं. ही पट्टी हाडाची होती. मुलाला हे कळलं त्याच आठवड्यात त्याने ती काढून कृत्रिम बसवून घेतली होती, आणि काढलेली पट्टी पाकिटात घालून ठेवली होती. मला हे त्या यादीच्या वेळी कळलं आणि मी वही बंद करून हात धुऊन आले. बाजारात हाडाच्या पट्टीला मान जास्त, म्हणजे आपण आपल्या धर्मापायी केलेला बदलही किंमत कमीच करणारा. तोही उजव्या रकान्यात लिहिला. त्या गृहस्थांनी ती ओळ वाचून विचारलं, जुनी पट्टी आहे का? मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, देऊन टाक, पण तिचे पैसे घ्यायचे नाहीत. दंतवाणिज्य आपल्याला वर्ज्य आहे. त्यांना यातलं काही कळलं नाही. मुलाने आतून पाकीट आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. मी दाराशी उभी राहून जय जिनेंद्र म्हटलं, तेही काहीतरी म्हणाले, आणि गाडी गेली.